प्रवाशांनी नोंद घ्यावी

केंद्राचा इतिहास लिहायचाय म्हणता, साहेब,
तर सालं कपाटात आहेत. किलोवॉटसुद्धा.
उद्घाटनाच्या फोटोत चीफ कमिशनरांच्या हारामागे
अर्धा कान दिसतो, तो माझ्या बापाचा.
रांचीकडून अंदमानचं जंगल तोडायला आलेला माणूस.
मनोऱ्यासाठी ही टेकडी त्यानं साफ केली
आणि मरेपर्यंत रेडिओ विकत घेतला नाही.
म्हणायचा, खड्डा मी खणला,
आवाज शेजाऱ्याकडून आला तरी माझाच.

मी अल्बिना केरकेट्टा. एकतीस वर्षं टेपा राखल्या.

इथं सूर्य आमच्या आधी ड्यूटीवर यायचा.
घड्याळ मेनलँडचं, उजेड बेटांचा;
आम्ही 'सुप्रभात' म्हणेस्तोवर
जेट्टीवर मासळी विकून संपलेली.

खारी हवा सगळं खायची: खिळे, बिजागऱ्या,
एकदा तर निवेदकांच्या खुर्चीचा पाय.
टेपांवर बुरशी धरायची, तांदळाच्या पिठीसारखी,
ती मी जुन्या साडीच्या पदरानं पुसायचे.
कोऱ्या टेपा मद्रासहून बोटीनं येत.
येत नसत तेव्हा एकीवरच दुसरं भरायचं.
पुसणारं हेड झिजलेलं, म्हणून
सुपारीच्या बुरशीवरचं ते भाषण लावा, कान द्या,
खाली नॉ थेमू, मायाबंदरची कॅरेन म्हातारी,
नातवाला झोपवतेय.
तिचा आवाज आता तेवढाच उरलाय,
बोर्डो मिश्रणाच्या प्रमाणाखाली.

पण लोक आम्हाला गाण्यांसाठी लावत नसत.
बोटींच्या वेळांसाठी लावत.
हट बे. कच्छल. कामोर्टा. कॅम्पबेल बे.
निभा हालदार वाचायची, इस्त्री केल्यासारखा सपाट आवाज:
'समुद्र खवळलेला असल्यामुळे बोट आज सुटणार नाही.
प्रवाशांनी नोंद घ्यावी.'
एवढ्यावर लग्नं पुढं जात,
बांधलेली कोंबडी सोडली जाई.

मग तो रविवार.

मनोरा उभा राहिला. छत अर्धं खाली.
जनरेटर लावून निभा यादी वाचायला बसली.
नाव, बापाचं नाव, बेट.
आवाज तोच, बोटींच्या वेळांचा.
बाई दगड आहे, म्हणाले लोक.
मला म्हणाली, अल्बिना, गळा भरला तर अक्षर चुकेल,
आणि अक्षर चुकलं की भलत्याच घरात रडतात.

अकराव्या दिवशी गेटवर एक म्हातारा,
उसना शर्ट, गुडघ्यापर्यंत येणारा.
कच्छलचा हबाकुक.
'काल तुम्ही मला बेपत्ता वाचलंत,' मोडक्या हिंदीत म्हणाला. 'दोनदा.'
ड्यूटी ऑफिसर फाइल शोधायला गेले:
यादीत दुरुस्ती कुणाच्या सहीनं करायची?
निभा काही बोलली नाही.
उठली, आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली.

लाल दिवा लागला.
तो आपल्या बोलीत बोलला, दीड-दोन मिनिटं.
एकही शब्द आमच्यात कुणाला कळला नाही.
ती बोली जाणणारा आमचा माणूस
स्वतःच यादीत होता, पान सात.
मी हाताला लागली ती टेप चढवली.

चार वर्षांनी नर्सिंगच्या एका पोरीनं अर्थ सांगितला.
जिवंत आहे असं तो कुठं म्हणालाच नव्हता.
म्हणाला, डुकरं मी सोडून दिलीत,
ज्याला सापडतील त्यानं पाळावीत, खुणेचा कान बघू नये.
मी शाळेमागच्या तंबूत आहे.
कुणी चालत येत असेल तर घाई नको.
मी झोपत नाही.

आलं का कुणी, ते मला माहीत नाही.
निभा हयात असती तर तिनंही हेच सांगितलं असतं,
याच आवाजात.

आणि हो,
उद्घाटनाच्या भाषणाची टेप मिळत नाही
म्हणून तुम्ही दिल्लीहून दोन पत्रं पाठवलीत ना?
ही घ्या. डबा तोच आहे.
हबाकुक बोलत असताना आवाज वाढवा.
त्याच्या खाली, अगदी पुसट,
चीफ कमिशनर अजून
आमचं उद्घाटन करतायत.